पहिली घरी राहते त्या दिवसांसाठी

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहते, नोकरी फोर्टात. चार वर्षांपासून माझ्याकडे वाकड्या हँडलची रोड बाइक आहे, टायर २५ मिलिमीटरचे. दर रविवारी पहाटे ती घेऊन घोडबंदर रोडने जाते. आता दुसरी घ्यायची म्हणून ३५ हजार बाजूला काढलेत. रस्त्यांची ही अवस्था, म्हणून ग्रॅव्हल बाइक (रोड बाइकसारखीच, पण खडबडीत रस्त्यांसाठी जाड टायरची) मनात आहे. नवरा म्हणतो फोल्डिंग घे, लोकलमध्ये नेता येईल. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याखाली मात्र जागा आहे. स्टेशन दोन किलोमीटर, तिथवर रोज रिक्षाने जाते. कोणती घेऊ?

उत्तर : ताई, मला तुमच्या पत्रातली ती रोजची रिक्षा खटकली. घरात चांगली सायकल असून आठवड्यातले सहा दिवस तुम्ही रिक्षाच्या रांगेत उभ्या राहता. दुसरी सायकल त्या सहा दिवसांसाठी घ्या.

ग्रॅव्हल बाइक मला मनापासून आवडते. ४० मिलिमीटरचा टायर पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकत नाही. पण ती स्टेशनबाहेर दहा तास उभी करायला तुमचा जीव धजणार नाही. म्हणजे तीही रविवारचीच होणार, आणि रविवारला पहिली आहेच. मी रोड बाइक असताना हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, जरा जाड टायरची सायकल, घेतली होती. वर्षभर दोन्ही सायकली पार्ल्याच्या गॅलरीत शेजारी-शेजारी उभ्या, आणि मी भाजीला चालत. खड्ड्यांचाच त्रास असेल तर आहे त्याच सायकलला २८चे टायर बसतात का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. टायरच्या वर आणि दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळे राहिले तर बसवा, आणि हवा थोडी कमी ठेवा. फरक मनगटांना पहिल्याच दिवशी कळेल.

फोल्डिंगबद्दल तुमच्या यजमानांचं अगदीच चुकलेलं नाही. पण सकाळची गाडी मुलुंडला येते तीच भरून, त्यात बारा-तेरा किलोची घडी घेऊन चढायचं आणि सीएसएमटीला उतरून फोर्टात जायला पायीच अंतर. ऑफिस स्टेशनपासून तीन-चार किलोमीटर लांब असतं, किंवा जिन्याखाली जागा नसती, तर मीही फोल्डिंगच सांगितली असती. तसा दिवस आलाच तर २० इंची चाकांची घ्या, टायरवर ४०६ हा आकडा असलेली. लहान मुलांच्या कितीतरी सायकलींना तीच ट्यूब लागते, गल्लीतल्या दुकानात मिळते.

तुम्हाला हवी ती साधी सायकल. एकदा चर्चगेटबाहेर डबेवाल्यांच्या सायकली निरखून बघा : गिअर नाही, भक्कम कॅरिअर, दोन पायांचा स्टँड. रोजच्या ओझ्याला जे लागतं तेवढंच ठेवलेलं. तुम्ही तशीच पण हलकी, खाली वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल घ्या. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत आणि चेनकव्हर बंद हवं, म्हणजे ओढणी-सलवार सुखरूप. मागच्या चाकाला ड्रेसगार्डही बसवून घ्या. गिअरची काळजी नको. चेनच्या पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८ असले की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी १८ किलोमीटर. मुलुंड पूर्वेच्या सपाटीला एवढं भरपूर झालं.

दुकानात जाताना फ्रिजवरचं एक लोहचुंबक पर्समध्ये टाका. विक्रेता रंग दाखवत असेल तेव्हा तुम्ही ते रिमला लावा. चिकटलं तर रिम लोखंडी. तिच्यावरचा क्रोम चकाकतो छान, पण पावसात भिजला की ब्रेकरबर त्याच्यावरून नुसता घसरतो. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबलीत तरी सायकल पुढे जातच राहते, आणि समोर रिक्षा असते. चुंबक चिकटलं नाही तर रिम अ‍ॅल्युमिनियमची, तीच घ्या. या एका बाबतीत तडजोड करू नका. नवी घेतलीत तरी दहा हजारांच्या आत-बाहेर काम होईल. उरलेल्यातून जाड यू-लॉक घ्या आणि कुलूप मागच्या चाकातून व फ्रेममधून एकदमच घाला.

हवा भरायचा पंप आधी तपासा. रोड बाइकचा व्हॉल्व्ह बारीक, साध्या सायकलचा निराळा. दोन्हींना चालणारं तोंड असलेला पंप असला की दुकानाच्या फेऱ्या वाचतात.

पहिलीला मात्र विसरू नका, दुसरी आल्यावर ती जास्त दिवस उभी राहील. माझ्या हायब्रिडची फ्रेम लोखंडी, सीटची दांडी अ‍ॅल्युमिनियमची. दोन पावसाळे मी ती दांडी बाहेर काढलीच नाही. तिसऱ्या वर्षी पुतण्यासाठी सीट खाली करायला गेलो तर ती हलेना. मेकॅनिकने तेल सोडलं, दोन दिवस थांबला, पाइप लावून पिळली. शेवटी वरून कापली आणि आतला तुकडा करवतीच्या पात्याने उभा चिरत बाहेर काढला. पांढरी, खडूसारखी पूड भरली होती आत. अर्धा दिवस गेला, दांडी गेली, आणि फ्रेमला आतून ओरखडे पडले ते वेगळेच. मे संपायच्या आत तुमच्या रोड बाइकच्या सीटची दांडी बाहेर काढा, आधी उंचीवर चिकटपट्टीची खूण करा, फडक्याने पुसा, बोटभर ग्रीस लावा आणि परत त्याच खुणेपर्यंत बसवा. फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बनची वेगळी पेस्ट मिळते, ती लावा.