घोरण्याचे मशीन बदलायचे की नुसती मास्कची गादी?

प्रश्न : वडील (वय ६४) सात वर्षांपासून रोज रात्री एअरसेन्स १० हे ऑटो सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे, दाब आपोआप कमी-जास्त करणारे) लावून झोपतात. सकाळी पडद्यावर एएचआय २ दिसायचा, उन्हाळा लागल्यापासून ७-८ दिसतो. पडद्यावर मास्कच्या जागी लाल, रडका चेहरा येतो. रात्रभर फुसफुस चालते, तोंड कोरडे पडते. दुकानदार म्हणतो, मशीन जुने झाले, एअरसेन्स ११ घ्या. घ्यावे का?
– एक वाचक, परतूर, जि. जालना

उत्तर : एवढ्यावरून घेऊ नका. ही सगळी लक्षणे हवा गळण्याची आहेत, आणि गळती बहुतेक वेळा मास्क नाहीतर नळीपाशी असते. एएचआय म्हणजे झोपेत दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला तो आकडा. मशीन लावल्यावर तो ५ च्या आत हवा. हवा बाहेर निसटली की घशापर्यंत पुरता दाब पोचत नाही. मशीन दाब वाढवायला जाते, तसा मास्क आणखी उचलला जातो, आणि आकडा चढतो.

मास्कची सिलिकॉनची गादी काढून उजेडात धरा. ती पिवळट, बुळबुळीत झाली असेल, बोटाने दुमडलेली पातळ कड पुन्हा ताठ होत नसेल, तर तिचे काम संपले. फक्त गादी बदला, अख्खा मास्क नको. डोक्याला चोपडलेल्या तेलाने गादी घसरते आणि लवकर खराब होते, म्हणून झोपण्यापूर्वी वडिलांना साबणाने तोंड धुवायला सांगा. पट्टे बसून जुळवू नका. आडवे पडले की गाल सरकतात, तेव्हा अंथरुणात पडून, मशीनमधले ‘मास्क फिट’ (मास्क नीट बसला का ते दाखवणारी सोय) चालू करून जुळवा. करकचून आवळणे ही घरोघरची चूक. गादीत हवा भरायला जागाच उरत नाही आणि नाकाशेजारून फट पडते.

साधी नळी असेल तर बादलीत बुडवा, एक टोक तळहाताने बंद करा आणि दुसऱ्यातून फुंका. बुडबुडे बहुधा टोकाच्या रबरापाशीच निघतात. आत तार असलेली गरम नळी मात्र बुडवू नका, वाकवून डोळ्यांनीच तपासा.

आता उन्हाळ्याचे. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की नाक चोंदते. झोपेत तोंड उघडते आणि नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निघून जाते. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, ४ वर असेल तर ५-६ वर न्या. टाकीत बोअरचे पाणी अजिबात नको. क्षारांचा पांढरा थर तळाच्या पत्र्यावर बसतो, मग पाणी नीट तापत नाही. १ भाग व्हिनेगर आणि १० भाग पाणी यात टाकी भिजत ठेवून धुवा, पुढे डिस्टिल्ड वॉटर वापरा. फिल्टर कंपनी सहा महिन्यांनी बदलायला सांगते, पण कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत दर महिन्याला बघा. करडा झाला की फेका, धुऊन पुन्हा लावू नका.

आता मशीनच्या वयाचे. कंपनीने याचे आयुष्य ५ वर्षे धरले आहे, आणि मोटर २०,००० तास चालली की पडद्यावर तशी सूचना येते. रोज ७ तास धरले तर ७ वर्षांत सुमारे १७,९०० तास होतात. म्हणजे दहाएक महिन्यांत ती सूचना येईल. म्हणून आतापासून पैसे बाजूला काढायला लागा, पण घाई नको. आवाज वाढला, जळका वास आला किंवा टाकीतले पाणी मशीनमध्ये उतरले, तर मात्र थांबू नका.

एअरसेन्स ११ मध्ये टच स्क्रीन आहे, ब्लूटूथवर मोबाइलशी जोडणी आहे, आकारही लहान आहे. दाबाची मर्यादा तीच, ४ ते २० (सेंटिमीटर पाण्याच्या मापात). जुना मास्क चालेल. टाकी, गरम नळी आणि अडॅप्टर चालणार नाहीत, म्हणून जुन्यासाठी त्यांचा साठा करू नका. नवे घ्याल तेव्हा जुन्याचे किमान-कमाल दाब लिहून न्या. पुष्कळदा मशीन ४ ते २० वर उघडेच सोडून देतात, आणि ४ वर मोठ्या माणसाचा जीव गुदमरतो.

एवढे करूनही दोन आठवड्यांत एएचआय ५ खाली आला नाही, वजन बरेच बदलले असेल किंवा दिवसा झापड येत असेल, तर मशीनमधले एसडी कार्ड (त्यात रोजच्या नोंदी असतात) घेऊन डॉक्टरांकडे जा. कदाचित बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे मशीन) लागेल, आणि मग ११ घेऊनही उपयोग नव्हता. तोवर वडिलांना गाडी चालवू देऊ नका.

प्रश्न : रात्री लाइट जाते. इन्व्हर्टरवर सीपॅपचा अडॅप्टर गुणगुणतो, गरम होतो. मशीन बदलू का?
– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : मशीन नको, इन्व्हर्टर बघा. तो स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत लहरींची वीज देणारा असणार. प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहरींची वीज देणारा हवा. बॅटरी सर्वांत जास्त खातात ते ह्युमिडिफायर आणि गरम नळी, म्हणून लाइट गेली की ते दोन्ही बंद करा. मोटरला त्या मानाने फार थोडी वीज लागते.