अ‍ॅझटेक: वाफे, बांध आणि पावसाचा देव

इतकी हुशार शेती करणारे मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक नरबळी कसे देत होते, असं तुम्ही विचारलंय. त्यावर कुणीतरी ‘मांस मिळत नव्हतं म्हणून’ असं उत्तर दिलंय. १९७०च्या दशकात ही कल्पना गाजली होती, पण ती टिकली नाही. मका, घेवडा, भोपळा, तळ्यातले मासे, बदकं, टर्की, असं सगळं त्यांच्याकडे होतं. राजगिराही होता. आपण उपवासाला खातो तो राजगिरा मूळचा अमेरिकेतलाच. सणाला ते त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि मग त्या वाटून खात.

खरा प्रश्न पाण्याचा होता. १३२५च्या सुमारास त्यांनी टेक्सकोको तळ्यातल्या बेटावर टेनोच्टिट्लान ही आपली राजधानी वसवली, तिथेच आज मेक्सिको सिटी आहे. पुढे तिथं दीड-दोन लाख माणसं राहू लागली. त्यांचं पोट बरंचसं चिनाम्पांनी, म्हणजे तळ्यात रचलेल्या वाफ्यांनी भरलं. त्यांना ‘तरंगती शेतं’ म्हणतात ते चूक आहे. उथळ पाण्यात खुंट ठोकायचे, बोरूचा कूड घालायचा, आत पाणवनस्पती आणि तळातला गाळ थरावर थर टाकत जायचं. वाफा पाण्याच्या वर आला की काठाला वाळुंजाच्या जातीची झाडं लावायची, म्हणजे मुळं काठ धरून ठेवतात. ओल बाजूंनी आपोआप झिरपते. गाळाचा वेगळा थर पसरून त्याचे चौकोनी तुकडे पाडत, प्रत्येकात एक बी रुजवत आणि रोप त्या तुकड्यासकटच लावत. शहरातला मैला होड्यांनी शेतावर यायचा. वर्षात अनेक पिकं निघायची. मला तरी यापेक्षा देखणी शेती माहीत नाही.

पण टेक्सकोकोचं पाणी खारट. तळ्याला बाहेर वाट नव्हती, त्यामुळे क्षार साठत गेले. दक्षिणेच्या तळ्यांतलं पाणी झऱ्यांचं, गोडं. १४४९ला मोठा पूर आला, तेव्हा तळ्याकाठच्या टेक्सकोको शहराचा राजा नेसावालकोयोट्ल याच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटरचा बांध घातला गेला. खारं पाणी एकीकडे, गोडं शहराकडे.

लगेच पुढची संकटं आली: गारठा, मग अवर्षण. १४५४पर्यंत इतका दुष्काळ पडला की लोकांनी मक्यासाठी मुलं विकली, स्वतःलाही विकलं. बांध पूर अडवतो, पाऊस आणत नाही. पाऊस ट्लालोक या देवाच्या हातात होता. मुख्य मंदिराच्या माथ्यावर दोनच देवळं होती, एक त्याचं आणि दुसरं युद्धदेव हुइत्सिलोपोच्ट्लीचं. शहराचं अन्नही दोन वाटांनी येई, पावसाने आणि जिंकलेल्या मुलखाच्या खंडणीने.

ट्लालोकच्या बाजूला उत्खननात किमान ४२ मुलांचे अवशेष सापडले. अभ्यासक त्यांचा संबंध याच दुष्काळाशी जोडतात. बळी जाणारं मूल रडलं तर पाऊस येणार, अशी समजूत होती. हे वाचून मला दर वेळी गलबलून येतं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ‘क्रूर होते’ एवढ्यावर थांबलात, तर बांध घालणारे आणि ही मुलं वेदीवर नेणारे लोक एकाच भीतीने जगत होते, हे तुमच्या नजरेतून सुटेल.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत काही वाफे आजही पिकतात. त्या शहरात कधी गेलात, तर आधी सोचिमिल्कोला जा, मंदिराचे अवशेष नंतर बघा.