पोटात एच. पायलोरी या जिवाणूचा संसर्ग आहे का, हे डॉक्टर कसं तपासतात?

बहुतेकांना त्यासाठी एन्डोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर पाहणं) लागत नाही. युरिया ब्रेथ टेस्टमध्ये खास खूण असलेला कार्बनयुक्त युरिया देतात; हा जिवाणू तो फोडतो आणि तोच कार्बन श्वासात सापडतो. शौचाच्या नमुन्यातली अँटिजेन (जिवाणूचे अंश) तपासणीही भरवशाची. रक्तातल्या अँटिबॉडीवर (शरीराने जिवाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांवर) मात्र विसंबू नका, संसर्ग गेला तरी त्या बराच काळ राहतात. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटत असेल तर एन्डोस्कोपी करून जठराच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासतात.

आणि हे कृपया लक्षात ठेवा: पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या तपासणीच्या २ आठवडे, अँटिबायोटिक ४ आठवडे आधीपासून बंद हव्यात, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पण ही औषधं डॉक्टरांना विचारूनच थांबवा.