बायकोला सरप्राइज म्हणून पिस्तूल देऊ नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिसेस मेडिकल उपकरणांच्या कंपनीत आहेत, घर ह्यूस्टनजवळ, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस त्या बाहेर असतात. कधी गाडीने श्रेव्हपोर्ट (लुइझियाना) किंवा टल्सा (ओक्लाहोमा), कधी विमानाने नूअर्क (न्यू जर्सी). मागच्या महिन्यात मोटेलच्या पार्किंगमधून एक माणूस त्यांच्या मागेमागे लिफ्टपर्यंत आला, आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. दिवाळीला त्यांना कपड्यांत लपेल असं छोटं पिस्तूल सरप्राइज द्यायचंय, म्हणून .३८० घेऊ, ९ एमएम घेऊ (हे दोन गोळ्यांचे प्रकार) की रिव्हॉल्व्हर, एवढंच तुम्ही विचारलंत.

मी डॅलसच्या बाजूला राहते. अकरा वर्षं फिरतीची नोकरी करतेय आणि त्यातली सहा वर्षं पिस्तूल बाळगतेय. तुमची काळजी मला पूर्ण कळते, म्हणून सविस्तर लिहिते. सरप्राइज देऊ नका.

माझ्या नवऱ्याने हेच केलं होतं. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की बायकांना हे छोटं फार आवडतं, हलकं आहे, पर्समध्ये मावतं. त्याने विश्वासाने खिशात मावणारं .३८० आणलं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, सहा गोळ्या झाडल्या तेवढ्यात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलवटली. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, इतकी बारीक की ओढायला धड पकडताच येईना. सातव्या गोळीला मी डोळे मिटून चाप ओढला. त्यानंतर आठ महिने ते कपाटात पडून होतं. मला त्याचीच भीती वाटायला लागली होती.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. गोळी तीच असेल तर पिस्तूल जितकं हलकं, तितका झटका जास्त. लहान हाताला लहान पिस्तूल, हा हिशेब उलटा आहे. खिशातली पिस्तुलं मुरलेल्या हातांची आहेत, नव्याने शिकणाऱ्याची नाहीत. रिव्हॉल्व्हरबद्दलही असंच सांगतात: सोपं आहे, अडकत नाही, बायकांना बरं. पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन ६४२ जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमचं असतं आणि त्याचा चाप ओढायला दहा-बारा पौंडांचा जोर लागतो. इतका जोर लावताना नवख्या बोटाबरोबर सगळा हात हलतो आणि नेम खाली जातो. मला स्वतःला रिव्हॉल्व्हर आवडतं, पण पहिलं हत्यार म्हणून मी ते कुणाला सुचवणार नाही.

मॉडेलच्या आधी दोन प्रश्न आहेत.

पहिला: त्यांना हवंय का? रात्री लिफ्टपर्यंत कोणीतरी मागे आलं ते त्यांच्या, आणि झोप तुमची उडाली. त्यांच्या मनात काय आहे, ते आधी शांतपणे विचारा. पिस्तूल जवळ बाळगणं म्हणजे वेळ आली तर माणसावर चालवायची तयारी. ती तयारी नसेल तर ते हत्यार बरोबर असणं हाच धोका, आणि ती नसण्यात कमीपणा काहीच नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा आणि पेपर स्प्रे, दाराला लावायची पाचर, पार्किंगऐवजी लॉबीच्या दारात गाडीतून उतरणं, तळमजल्यावरची खोली न घेणं, यावर बोला. हे सगळं मी पिस्तूल असूनही करते. आणि घरात कोणी नैराश्यातून जात असेल तर या घडीला बंदूक घरात आणूच नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

दुसरा: त्यांचं इमिग्रेशन स्टेटस काय आहे? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि आपल्या लोकांत इथेच मोठी चूक होते. एच-१बी, एल-१, एच-४ अशा व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर रस्ता मोकळा आहे, डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं. मात्र ग्रीन कार्डवाल्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी: बंदुकीच्या बऱ्याच गुन्ह्यांत दोषी ठरलं तर डिपोर्टेशन होऊ शकतं. इथे जन्मलेल्या माणसाला जी चूक वर्ष-दोन वर्षांना पडेल, ती आपल्याला इथल्या आख्ख्या संसाराला पडू शकते.

खरेदीचंही तसंच. खरीखुरी भेट देणं कायद्यात बसतं. पण पैसे त्यांचे, सांगणं त्यांचं आणि फॉर्म ४४७३ वर (बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म) खरेदीदार म्हणून सही तुमची, असं झालं की तो स्ट्रॉ परचेस, म्हणजे दुसऱ्यासाठी आपल्या नावावर केलेली खरेदी, होतो आणि तो फेडरल गुन्हा आहे. त्यापेक्षा त्यांनीच दुकानात जावं, फॉर्म स्वतः भरावा. तुम्ही सोबत जा, आणि काउंटरवरचा माणूस त्यांच्याऐवजी तुमच्याशी बोलायला लागला तर दोघंही बाहेर पडा.

आता पिस्तूल. भाड्याने पिस्तुलं देणारी रेंज शोधा आणि एका दिवसात चार-पाच चालवून बघू द्या. मी सांगेन त्या क्रमाने: ग्लॉक १९ आधी, कारण ते मध्यम आकाराचं आहे आणि झटका म्हणजे काय ते न घाबरवता कळतं. मग ग्लॉक ४३एक्स, मग सिग सॉअर पी३६५, मग स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. पी३६५ २०१८ मध्ये आलं आणि त्याने या बाजाराचं चित्रच बदललं: साधारण अर्ध्या किलोचं, ९ एमएम, मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या कप्प्यात) दहा गोळ्या. त्याआधी एवढ्या आकारात सहा-सात गोळ्यांवर भागवावं लागायचं. शील्ड ईझीची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. मनगट किंवा बोटं दुखत असतील, संधिवात असेल, तर ते नक्की हातात घेऊन बघावं. त्यातही .३८० आणि ९ एमएम दोन्ही मिळतात, आणि .३८० चा झटका बराच मवाळ आहे. माझं स्वतःचं मत ९ एमएमकडे झुकतं, कारण गोळ्या स्वस्त पडतात आणि स्वस्त पडल्या की सराव होतो. पण जे ९ एमएम त्यांना सोसत नाही त्यापेक्षा जे .३८० त्या नीट चालवतात ते चांगलं.

हातात घेतल्यावर बघायचं ते एवढंच: मूठ पूर्ण बसते का, करंगळी लटकत तर नाही ना, पकड न हलवता तर्जनीचं पेर चापावर पोचतं का, मॅगझिन सोडायचं बटण अंगठ्याखाली येतं का. स्लाइड जमत नाही असं बऱ्याच बायकांना वाटतं. बहुतेक वेळा कमी पडते ती रीत, ताकद नाही. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळी समोर, बोट चापाबाहेर, स्लाइड चार बोटांनी वरून पकडायची आणि एका हाताने पुढे ढकलत दुसऱ्याने मागे खेचायची. मला हे एका बाईने दहा मिनिटांत शिकवलं, नवऱ्याने दोन महिन्यांत शिकवलं नव्हतं. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये म्हणतात, तसंच हेही. ‘अ गर्ल अँड अ गन’ ही बायकांची नेमबाजीची संस्था आपल्या टेक्ससमध्येच २०११ साली सुरू झाली. जवळपास शाखा असेल तर त्यांना तिथे जाऊ द्या.

पर्समध्ये ठेवायचं का? नाही. पर्स खेचली जाते, खुर्चीला अडकवून विसरली जाते, मुलं तिच्यात चॉकलेट शोधतात. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल बाहेर काढलं, गोळी सुटली आणि ती आई तिथेच गेली. ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती आणि ती बाई बंदुकीच्या बाबतीत अनुभवी होती. मला मूल झालं त्या वर्षी ही बातमी मी पुन्हा वाचली आणि त्या दिवसापासून पिस्तूल एक तर अंगावर, नाही तर कुलपात. कमरेला आतून लावायचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हवं, चाप पूर्ण झाकणारं, कायडेक्स या कडक प्लास्टिकचं. त्याला ताठ पट्टा लागतो. फॉर्मल पँटला पट्ट्याचे लूप नसतील तर बेली बँड (पोटाभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा) चालतो, पण त्यातही चापावर कडक कवच पाहिजे. कुर्ता वरून छान झाकतो. पिस्तुलाइतकाच पैसा होल्स्टर, पट्टा, छोटी तिजोरी, गोळ्या आणि शिकवणीला ठेवा.

आता प्रवास. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. तरीही मिसेसनी लायसन्स टू कॅरी, म्हणजे टेक्ससचा हँडगन बाळगायचा परवाना, काढावंच. वर्ग होतो, पन्नास गोळ्यांची परीक्षा होते (३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात), आणि मुख्य म्हणजे लुइझियाना आणि ओक्लाहोमा तो परवाना मानतात. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदुकीला फेडरल बंदी आहे. त्यातून सूट मिळते ती त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला, म्हणून टेक्ससमधल्या रस्त्यांवरही हे कार्ड उपयोगी आहे. श्रेव्हपोर्ट आणि टल्साचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटतो, फक्त पोलिसांनी थांबवलं तर स्वतःहून सांगावं लागतं का, हे प्रत्येक राज्याचं निघायच्या आधी वाचावं. मात्र दिवसभर त्या हॉस्पिटलांत असणार. तिथे बंदीच्या पाट्या असतात आणि बहुतेक कंपन्यांचं धोरणही नाही म्हणतं. म्हणजे ते आठ तास पिस्तूल गाडीत, सीटखाली केबलने बांधलेल्या पोलादी पेटीत. कंपनीची नियमावली आधी वाचू द्या. नोकरी जाण्याची जोखीम घ्यायची का, हेही त्यांनीच ठरवायचं.

नूअर्कला पिस्तूल नेऊ नका. टेक्ससचा परवाना न्यू जर्सी मानत नाही, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉयही नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचा परवाना घेऊन गाडीने न्यू जर्सीत शिरली, पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून पिस्तुलाचं सांगितलं, आणि तिच्यावर सक्तीच्या तुरुंगवासाचं कलम लागलं. २०१५ मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. दुसरी गोष्ट तर नूअर्क विमानतळाचीच. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघालेल्या एका प्रवाशाचा पुढचा प्रवास तिथे चुकला. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, निघताना रीतसर डिक्लेअर केलेलं. सामान ताब्यात घेऊन त्याने रात्र हॉटेलात काढली, सकाळी काउंटरवर पुन्हा प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्याला अटक झाली. गुन्हा पुढे मागे घेतला गेला, पण भरपाईचा दावा तो २०१० मध्ये थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टात हरला. १९८६ चा फेडरल कायदा वाटेतल्या राज्यांतून जाणाऱ्याला संरक्षण देतो ते पिस्तूल रिकामं आणि हाताशी नसेल तोवर. त्या रात्री पेटी त्याच्या हाताशी होती, असं कोर्ट म्हणालं. त्यामुळे मी तर ज्या फ्लाइटचं कनेक्शन नूअर्क किंवा न्यू यॉर्कमधून आहे, तिच्यातही पिस्तूल नेत नाही. वादळाने विमान अडकलं की मी काय करणार?

जिथे परवाना चालतो तिथे विमानाने न्यायचं तर: रिकामं, कडक पेटीत, कुलूप लावून, फक्त चेक-इन सामानात, आणि काउंटरवर तोंडाने सांगून. किल्ली आपल्याकडे. २०२४ मध्ये टीएसएला (विमानतळावरची सुरक्षा तपासणी करणारी सरकारी यंत्रणा) प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. यातले बहुतेक लोक विसरलेले असतात. दंड हजारो डॉलरचा, प्रीचेक (झटपट तपासणीची सोय) किमान पाच वर्षं बंद. पेपर स्प्रेसुद्धा केबिनमध्ये चालत नाही.

म्हणून बॅगा वेगळ्या करा. रेंजची बॅग, पिस्तुलाच्या पेटीची बॅग, ही दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरू नका, आणि भारतात जाताना तर अजिबात नको. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या स्कॅनरवर दिसलं की १९५९ चा आर्म्स ॲक्ट लागतो, आणि “ते माझ्या टेक्ससच्या परवान्याचं आहे” या वाक्याला तिथे काही अर्थ नसतो. आमच्याकडे पुण्याला जाणाऱ्या दोन सूटकेसना लाल रिबन बांधलेली आहे. त्या गॅरेजमध्ये ठेवतच नाही, वरच्या खोलीत असतात, आणि निघायच्या आदल्या रात्री सगळे कप्पे उलटे करून झटकते.