शेततळ्यावर हिरवा थर आलाय (निफाड, नाशिक). पाणी उकळून प्यायलं, गुरांना पाजलं तर चालेल का?

नाही, उकळल्याने हे पाणी सुरक्षित होत नाही. थर आहे तोवर स्वतः पिऊ नका आणि गुरांनाही पाजू नका. उन्हाळ्यात साचलेल्या, खताचा अंश उतरलेल्या पाण्यावर येणारा असा तवंग बऱ्याचदा निळ्या-हिरव्या शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा असतो. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृताला मारणारं विष तयार करतात. ते उकळत्या पाण्यातही टिकतं. उलट पेशी फुटून आणखी मोकळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी (याच विषाचा एक प्रकार) लिटरला फक्त १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे, यावरून काय ते समजा.

द्राक्षबागेवाल्यांकडे बोर्डोसाठी (बुरशीवर फवारायचं मिश्रण) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरातच असतं, त्यामुळे पहिला हात तिकडे जातो. कृपा करून दाट थरावर ते टाकू नका. शेवाळ मरतं, पाणी निवळल्यासारखं दिसतं, आणि पेशींतलं सगळं विष एकदम पाण्यात उतरतं. वारा थर ज्या काठाला लोटतो तिथे विष सर्वांत दाट असतं. गुरांसाठी तो काठ आजच बंद करा.

अर्थात प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. काडी बुडवून वर काढा: लांब धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ, ऑइलपेंटसारखा लेप चिकटला तर संशय धरा. मात्र विष आहे की नाही, हे प्रयोगशाळेतल्या तपासणीतूनच कळतं.