गाडीच्या रंगाला फुगे आलेत म्हणून लगेच घासायला घेऊ नका

चिपळूणच्या एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. वडिलांची जुनी मारुती ८००, बॉनेट आणि दोन दरवाजे पार पत्र्यापर्यंत खरवडून रंगवायला दिले, ४२ हजार जीपेने दिले. जूनमध्ये जुना रंग काढला आणि पुढचे १२ दिवस पत्रा शेडच्या कडेला तसाच उघडा. दिवाळीपर्यंत बॉनेटवर फुगे. गॅरेजवाला म्हणतो कोकणची हवाच तशी, आणि एस्टिमेटच्या कागदावर 'रंगाची गॅरंटी नाही' असा शिक्का आहेच की. पक्कं बिल दिलेलंच नाही. दुसरा पेंटर सोमवारपासून घासायला तयार आहे, तर तो खर्च पहिल्याकडून मागता येईल का?

मागता येईल, पण सोमवारचं काम आधी थांबवा. तुमचा सगळा पुरावा त्या रंगाखाली आहे आणि पाणी पेपर (रंग घासायचा कागद) एकदा फिरला की संपलं, मग तुम्ही म्हणणार गंज होता, तो म्हणणार नव्हता.

माझा मामा डेंटिंग-पेंटिंगवाला, त्यामुळे हे थोडं ऐकून माहितीय. पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस झाक चढते, म्हणून घासून झालं की ग्रीस रिमूव्हरने पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं, नंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही (घाम लागतो) आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, म्हणजे पत्र्यापर्यंत ओल जाऊ न देणारा पहिला थर. तुमच्या बॉनेटवर १२ दिवसांनी थेट पुट्टी आणि साधा प्रायमर, दोन्ही ओल शोषणारे! हवेला दोष देणाऱ्याला विचारा, हवा दमट आहे हे माहीत असूनच काम घेतलं ना?

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी. गॅरंटी नाही या शिक्क्याने फार तर रंग किती वर्षं टिकेल यावर वाद घालता येईल, काम नीट करायची जबाबदारी त्याने सुटत नाही. आणि बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, म्हणजे ज्या कागदावर तो उड्या मारतोय तोच त्याला नडणार.

करायचं काय तर एखादा लायसन्सवाला मोटार सर्व्हेअर (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासतो तो) गाठा, तारीख ठरवा आणि गॅरेजवाल्याला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने कळवा की अमुक दिवशी अमुक वाजता फुगा उघडून बघणार आहोत, हजर राहा. नाही आला तरी चालेल, पोच जपून ठेवा. सर्व्हेअरसमोर एकच फुगा ब्लेडने उचलायचा, खालच्या पत्र्याचा फोटो, त्याचा रिपोर्ट आणि अ‍ॅफिडेव्हिट. गॅरेजमधल्या पोराने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले तांबूस बॉनेटचे फोटो सोन्यासारखे आहेत, चॅट डिलीट करू नका, मोबाईल विकू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (मोबाईलमधल्या पुराव्यासाठी द्यावं लागतं ते) त्यासोबत लागेल.

एक मात्र स्पष्ट सांगतो, दरवाज्यांच्या खालच्या कडेचे फुगे या दाव्यात जोरात रेटू नका. जुन्या गाडीत तिथं आतून पाणी साचून गंज बाहेर येतो आणि समोरचा वकील नेमकं तेच धरून बसेल, बॉनेटवर ठाम राहा.

मग १५ दिवसांची नोटीस, नाहीच ऐकलं तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ऑनलाइनही होते. तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, गॅरेज कुठंही असो. मुदत २ वर्षं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असली की फी शून्य. मागणी मात्र बेताची ठेवा, बॉनेटच्या कामाचे पैसे, पुन्हा करायचा खर्च, सर्व्हेअरची फी आणि त्रासाचे थोडे. ४२ हजारांच्या कामाला ५ लाख मानसिक त्रास लिहिणारे रोज बघतो, हसं होतं.

आणि हो, पांढऱ्याची लाल केलीत असं मेलच्या शेवटी हळूच लिहिलंय तुम्ही. आरसीवर अजून पांढरीच असेल तर तक्रारीच्या आधी आरटीओत जाऊन ती नोंद बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच तारखेला तोच मुद्दा निघेल.