बायको शिकायला लीड्सला, नवरा आणि मुलगी मागे: डिपेंडंट व्हिसा मिळेल का?

प्रश्न: वकील मॅडम, मी मूळचा बार्शीचा, पुण्यात कंपनीत नोकरीला. मिसेस इंजिनिअरिंग कॉलेजला लेक्चरर होती, तिला यूकेत लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सी डेटा सायन्सला अ‍ॅडमिशन मिळालंय, सप्टेंबरचा इनटेक. मुलगी सहा वर्षांची आहे. एजंट म्हणतो मॅडमचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे तर त्यांना अविवाहित दाखवू, लहान मूल असलेल्या बाईला व्हिसा देत नाहीत. मग तुम्ही दोघं व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर डिपेंडंट करून घेऊ, मुलीला शाळेतही घालू. तीन लाख मागतोय, पन्नास हजार दिलेत. करू का?

उत्तर: दादा, नका करू. उरलेले अडीच लाख तर देऊच नका, आणि मिसेसचा व्हिसाचा फॉर्म अजून भरला नसेल तर लॉगिन आणि पासवर्ड आजच त्या माणसाकडून काढून घ्या.

आधी मूळ नियम सांगते. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्ससाठी यूकेने साध्या मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको-मुलं डिपेंडंट म्हणून, म्हणजे अवलंबून असलेलं कुटुंब म्हणून, नेणं बंद केलंय, एमएस्सी, एमबीए, एमए सगळं त्यात आलं. आता फक्त पीएचडी, किंवा रिसर्चवर आधारलेली पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री, म्हणजे जिच्यात स्वतःच्या संशोधनाचं काम वर्गात शिकवण्याच्या भागापेक्षा जास्त आहे अशी, किंवा सरकारी स्कॉलरशिपवर सहा महिन्यांपेक्षा मोठा कोर्स, एवढ्यांनाच डिपेंडंट नेता येतात. तुमच्या मिसेसचा कोर्स यात कुठेच बसत नाही. कितीही पैसे बँकेत दाखवले, कितीही चांगली फाईल लावली तरी या कोर्सवर तुम्हाला आणि मुलीला डिपेंडंट व्हिसा मिळणार नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण कोर्सच्या फीचं डिपॉझिट भरायच्या आधी कळलेलं बरं.

आता ते अविवाहित दाखवायचं. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असण्यात काही चूक नाही, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हजारो बायका तशाच जातात. पण फॉर्ममध्ये लग्न आणि मूल लपवणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि फसवणूक केली असं ठरलं तर अर्ज तर जातोच पण पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं, हे सांगून सुटका होत नाही, कारण माहिती खरी आहे असं डिक्लेरेशन अर्जदाराच्या नावाने जातं. आणि समजा पकडलं नाही, व्हिसा मिळाला, तरी दोन वर्षांनी तुम्ही नवरा म्हणून अर्ज कराल तेव्हा मॅरेज सर्टिफिकेटवर लग्नाची तारीख त्या फॉर्मच्या आधीची, मुलीचा जन्मही फॉर्मच्या आधीचा, आणि मिसेसच्या जुन्या फॉर्मवर अविवाहित. म्हणजे ज्या दिवशी कुटुंब एकत्र यायचं त्याच दिवशी हे बाहेर येणार. मूल आहे म्हणून व्हिसा नाकारतात असा कुठलाही नियम नाही, उलट विवाहित, मुलगी भारतात, नवऱ्याची इथे नोकरी, असं सरळ लिहा.

व्हिजिटचं पण तसंच. व्हिजिटर म्हणून तुम्ही दोघं खरंच भेटायला जाऊ शकता, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, आणि जावंच, मुलीला आईला भेटायचा हक्क आहे. पण व्हिजिटर व्हिसावर तिथे बसून डिपेंडंटमध्ये बदलता येत नाही, काम करता येत नाही, आणि मुलीला तिथल्या सरकारी शाळेत घालता येत नाही. परत परत जाऊन तिथेच राहायचा प्रयत्न केला तर पुढच्या वेळी एअरपोर्टवरून परत पाठवतील. तेव्हा व्हिजिटचा अर्ज कराल तेव्हा बायको तिथे शिकतेय, तिला भेटायला चाललोय असं स्वच्छ लिहा, कंपनीचं रजेचं पत्र लावा, मुलीच्या शाळेचं पत्र लावा, मे महिन्याच्या सुट्टीत तीन-चार आठवडे जाऊन या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात लोक फार फसतात. कोर्स झाल्यावर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, ज्याला आपल्याकडे सगळे पीएसडब्ल्यू म्हणतात, आणि बऱ्याच घरांत असा हिशोब असतो की एक वर्ष कळ काढू, मग पीएसडब्ल्यूवर सगळे जाऊ. तसं होत नाही! त्या व्हिसावर फक्त तेच डिपेंडंट चालतात जे स्टुडंट व्हिसाच्या काळातच डिपेंडंट म्हणून तिथे होते, नवीन माणूस जोडता येत नाही, अपवाद फक्त तिथे जन्मलेल्या बाळाचा. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना पीएचडी सोडून दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत, मिसेसचा कोर्स त्यानंतर संपत असेल तर १८ महिनेच धरा.

म्हणजे तुमच्या कुटुंबाचा खरा रस्ता स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे तिथल्या नोकरीवर मिळणारा व्हिसा. कोर्स संपत आल्यावर परदेशी माणसाला स्पॉन्सर करायचं लायसन्स असलेल्या कंपनीत नोकरी मिळाली की मिसेस तिथूनच त्या व्हिसावर जाऊ शकतात, आणि मग तुम्ही आणि मुलगी इथून डिपेंडंट म्हणून अर्ज करता. त्यावर तुम्हाला तिथे नोकरी करता येते आणि मुलीला सरकारी शाळा फुकट. २२ जुलै २०२५ पासून नोकरी साधारण पदवी लागते त्या पातळीची हवी आणि पगार सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड, पण स्टुडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्या नव्या उमेदवारांना ३३,४०० पौंड किंवा त्या कामाच्या ठरलेल्या दराच्या ७० टक्के, यात जे जास्त ते, एवढ्यावर चालतं. डेटाच्या कामाला हे अशक्य नाही, पण सोपंही नाही, स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायला पहिल्या सेमिस्टरपासूनच लागावं लागतं. केअर वर्करची, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करायची, नोकरी घेऊ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, त्यांना मार्च २०२४ पासूनच कुटुंब आणता येत नाही.

तेव्हा आता दोघांनी बसून एकाच गोष्टीवर बोला: सहा वर्षांची मुलगी आईपासून दीड-दोन वर्षं, नोकरी लांबली तर त्याहून जास्त, दूर राहील हे तुम्हाला चालणार आहे का. चालणार असेल, आजी-आजोबा जवळ असतील, तर मिसेसना जाऊ द्या, खरी माहिती भरून जाऊ द्या. चालणार नसेल तर डिपॉझिटच्या आधीच कोर्स बदलायचा विचार करा. मिसेस लेक्चरर होत्या, पीएचडीचा विचार त्यांच्या मनात आधीही आला असेलच. पीएचडीवर तुम्ही दोघं सुरुवातीपासून जाऊ शकता, पण लंडनच्या बाहेर प्रत्येक डिपेंडंटमागे महिन्याला ६८० पौंड, नऊ महिन्यांचे मिळून दोघांचे १२,२४० पौंड बँकेत सलग २८ दिवस दाखवावे लागतात, मिसेसच्या स्वतःच्या फी-खर्चाचे वेगळे, आणि वर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे, माणशी वर्षाला ७७६ पौंड. व्हिसासाठी म्हणून नावाला रिसर्च कोर्स घेऊन तिथे गेल्यावर एमएस्सीला बदलू, असलं काही मात्र करू नका, त्यात तिघांचाही व्हिसा धोक्यात येतो.

तुम्ही जी कागदं पाठवलीत ती मी पाहिली. मुलीचा जन्मदाखला मिसेसच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा आहे (पहिलं बाळंतपण तिकडेच झालेलं दिसतंय) आणि त्यावर आईचं नाव सासरचं लिहिलंय, पासपोर्टवर मात्र माहेरचं. ही अडचण मोठी नाही पण जोडणारा कागद लागतो, तो म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, आणि तुमच्याकडे लग्नपत्रिका आणि फोटोच आहेत. तर लग्नाची नोंदणी लगेच करून घ्या, १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली उशिरा नोंदणी होते, थोडा दंड भरावा लागतो एवढंच. नोंदणीच्या अर्जात मिसेसचं लग्नाआधीचं पूर्ण नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहून घ्या, एक अक्षर इकडेतिकडे नको. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

त्या पन्नास हजारांचं म्हणाल तर, पैसे यूपीआयने दिलेत ते चांगलं झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने अविवाहित दाखवू असं लिहिलेले मेसेज डिलीट करू नका. पैसे परत द्या म्हणून ईमेलवर लेखी मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या, नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तुम्ही स्वतः जाऊन बोलू शकता.